उंची मोजून निघा: दिवाळीच्या सुट्टीत सांगली ते सिंगापूर

मुलांना घेऊन केलेली सिंगापूरची सहल पैशांपेक्षा उंचीमुळे जास्त फसते. घरातलं पोर १२० सेंटिमीटरचं असेल, तर युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमधल्या दोन्ही मोठ्या रोलर कोस्टरच्या दारातून ते परत फिरणार. "दोनच सेंटिमीटर तर कमी आहे हो" हे तिथला कर्मचारी ऐकून घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण अंगावर बसणारा लोखंडी कठडा त्या मापाच्या शरीरासाठीच बनवलेला असतो. म्हणून तिकिटं काढण्याआधी मुलांना चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर पट्टी आडवी धरा आणि सेंटिमीटरमध्ये उंची लिहून ठेवा. पुढचा सगळा बेत त्या आकड्यावरून ठरतो.

दुसरा हिशेब ढगांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिंगापूरला दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. विजेचा इशारा झाला की उघड्यावरच्या राइड्स थांबतात आणि इशारा उठेपर्यंत सुरू होत नाहीत. सकाळ उघड्यावर, दुपार छताखाली, संध्याकाळ पुन्हा बाहेर, हा क्रम जमेल त्या दिवशी पाळायचा.

निघण्याआधी

तारखांपासून सुरुवात करू. सिंगापुरात दिवाळीची एक दिवस सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी आणि तिला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी उद्यानांमध्ये स्थानिकांचीच झुंबड उडते. तिथल्या शाळांची वर्षअखेरची मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागते. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज घरी उरकून निघालात, तर या दोन्ही गर्द्यांच्या मधली जागा सापडते. मे महिन्यात जायचं असेल तर २५ तारखेच्या आत परतावं, कारण महिन्याच्या शेवटी त्यांची जूनची सुट्टी सुरू होते.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवी. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाचच वर्षांचा, आणि नेमकं हेच नजरेतून सुटतं. आईवडिलांचे पासपोर्ट चालू असतात आणि मुलाचा संपत आलेला असतो. जुलैतच सगळे पासपोर्ट उघडून तारखा बघा.

सिंगापूरचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण अर्ज अधिकृत एजंटमार्फतच जातो. सरकारी शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटची फी. डॉलरचा त्या दिवशीचा भाव बघून हिशेब करा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, मॅट कागद, तीन महिन्यांच्या आत काढलेला. स्टुडिओत हे माप आधीच सांगा, कारण आपल्याकडे सवयीने निळ्या पडद्यापुढे फोटो काढतात आणि तो परत येतो. प्रवासाच्या तीन दिवस आधीपासून 'एसजी अरायव्हल कार्ड' भरता येतं. ते सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे. हुबेहूब दिसणारी काही संकेतस्थळं त्याचेच पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस, म्हणजे आधीच वसूल केला जाणारा आयकर, कापला जातो. ती रक्कम आयकर विवरणपत्र भरताना वळती होते, म्हणून कंपनीकडून प्रमाणपत्र मागून घ्या आणि ज्यांच्या पॅनवर पैसे भरले त्यांच्या फाइलला लावा.

आता फराळ. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या प्रत्येक सांगलीकर घरात एक डबा भरला जातोच, आणि त्या डब्यातच सगळ्यात मोठा धोका असतो: खसखस. खसखशीत मॉर्फीनचे अंश राहू शकतात, म्हणून तिथल्या अमली पदार्थ विभागाच्या मंजुरीशिवाय ती सिंगापुरात नेता येत नाही. अनारशाला खालून लावलेली खसखस डोळ्यांना दिसते तरी. करंजीच्या सारणात ती मिसळलेली असते. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात तर कुटलेली असते, आणि ती आहे हे आपल्या लक्षातही राहत नाही. हे तिन्ही पदार्थ घरीच ठेवा. चकली, शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि भडंग बिनदिक्कत न्या. भडंग तर या प्रवासाला सगळ्यात सोयीचं: वजनाला हलकं, दमट हवेतही घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतं आणि रात्री दहा वाजता हॉटेलवर परतल्यावर पोरांच्या पोटाला आधार होतो.

च्युइंग गम १९९२पासून तिथे आणता येत नाही. गुटखा, तंबाखूचा मावा, ई-सिगारेट यांवर बंदी आहे. आजोबांच्या खिशातली चुन्याची डबी आणि पुडी निघतानाच काढून ठेवायला सांगा.

सामानात माणशी एक घडीचा रेनकोट, मागे पट्टा असलेले फ्लोटर्स, तीन चौकोनी पिनांचा प्लग, पाण्याच्या बाटल्या आणि झिपच्या प्लास्टिक पिशव्या. नळाचं पाणी तिथे निर्धास्त पिता येतं, बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका. बंद बूट एकदा भिजले की दुसऱ्या दिवशीही ओलेच राहतात आणि टाचेला फोड येतात.

सांगली ते मुंबई

पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे आणि मग द्रुतगती मार्ग. मोकळ्या रस्त्याने सात-आठ तास, पण सुट्टीत मोकळा रस्ता धरून चालू नका. खंबाटकी, कात्रज ते नवले पूल आणि बोरघाट, या तीन ठिकाणी मिळून दोन-तीन तास सहज जातात. मध्यरात्रीचं विमान असेल तर सकाळी नऊला सांगली सोडावी. सुट्टी संपतानाच्या रविवारी दुपारनंतर तर निघूच नका, कारण त्या दिवशी अख्खा पश्चिम महाराष्ट्र पुण्या-मुंबईकडे परतत असतो.

महालक्ष्मी एक्सप्रेस स्वस्त आणि आरामाची, पण ती सकाळी मुंबईत सोडते. रात्रीच्या विमानाआधी दिवसभर मुलं आणि बॅगा सांभाळाव्या लागतात. मुंबईत नातेवाईक असतील तरच रेल्वेचा विचार करावा.

दिवस पहिला: पोहोचणं

मुंबई ते सिंगापूर थेट उड्डाण साडेपाच तासांचं, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मध्यरात्री निघालेलं विमान तिथल्या सकाळी आठच्या सुमारास उतरतं.

या अडीच तासांचा मुलांच्या बाबतीत फायदाच होतो. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा मुलांच्या अंगात साडेसातच वाजलेले असतात. उलट तिथल्या सकाळी साडेसातला उठवायचं म्हणजे पहाटे पाचला उठवणं. म्हणून रात्री उशिरापर्यंत चालणारे कार्यक्रम सहलीच्या सुरुवातीला घ्यायचे, आणि सकाळी लवकर दारात हजर राहायचे दिवस शेवटाकडे ढकलायचे. बरेच तयार बेत पहिल्याच सकाळी युनिव्हर्सल ठेवतात. तिथे मुलं दुपारी दोनला पेंगायला लागतात आणि महागातलं तिकीट वाया जातं.

चांगी विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल इमारतीतला ४० मीटरचा धबधबा, म्हणजे रेन व्होर्टेक्स, पाहायचाच आहे, पण आज नाही. सकाळी लवकर तो चालू नसतो, दहा-अकराच्या पुढे सुरू होतो. कोरड्या काचेकडे बघत थांबण्यापेक्षा तो परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

राहायला लिटल इंडिया. केवळ डोसा-इडली जवळ मिळते म्हणून नाही, तर मेट्रोमुळे. लिटल इंडिया स्टेशनवर नॉर्थ ईस्ट आणि डाउनटाउन अशा दोन लाइन मिळतात. पहिली थेट हार्बरफ्रंटला, म्हणजे युनिव्हर्सल आहे त्या सेंटोसा बेटाच्या दाराशी नेते, दुसरी थेट बेफ्रंटला, म्हणजे गार्डन्स बाय द बेजवळ. विमानतळावरून येतानाही चांगीच्या पुढच्याच एक्स्पो स्टेशनवर डाउनटाउन लाइन धरली की गाडी न बदलता लिटल इंडियात उतरता येतं.

मेट्रोला वेगळं तिकीट लागत नाही. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड फाटकावर टेकवायचं. माणशी एक वेगळं कार्ड हवं, एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. कार्डावर परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमधून सांगलीतच चालू करून घ्या. नेहमी होणारा घोळ असा: आत जाताना मोबाइल टेकवला आणि बाहेर पडताना प्लास्टिकचं कार्ड. खातं एकच असलं तरी फाटकाला ती दोन वेगळी कार्डं दिसतात, प्रवास अर्धवट धरला जातो आणि जास्त भाडं कापलं जातं. ज्याने आत, त्यानेच बाहेर. मेट्रोत खाणंपिणं चालत नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत असतो. पोराच्या हातातली चिक्कीसुद्धा फाटकाबाहेरच संपवायची.

हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय हाती येत नाही. बॅगा रिसेप्शनवर टाकून जेवायला जा. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७पासूनचं आहे, शाकाहारी लोकांची तिथे चिंता मिटते. दुपारी सगळ्यांनी झोप काढावी. संध्याकाळी सेरंगून रोडवर चक्कर मारा. दिवाळीची रोषणाई सण उलटल्यावरही काही दिवस असते, वीरमाकालीअम्मन मंदिर याच रस्त्यावर आहे.

दिवस दुसरा: मंडाई आणि नाइट सफारी

सकाळी कुणालाही उठवू नका. अकराला जेवून निघा. नॉर्थ ईस्ट लाइनने धोबी घाट, तिथे लाल रंगाची नॉर्थ साउथ लाइन, आणि खतीब स्टेशनवरून मंडाईची शटल बस.

मंडाईत आता पाच वेगवेगळी उद्यानं एकाच आवारात आहेत: १९७३चं सिंगापूर झू, १९९४ची नाइट सफारी, रिव्हर वंडर्स, २०२३ला उघडलेलं बर्ड पॅरडाइज आणि २०२५चं रेनफॉरेस्ट वाइल्ड एशिया. एका दिवसात पाचही करायला जाणारे कुटुंब तिसऱ्या उद्यानात बाकावर बसलेलं आढळतं. दुपारी रिव्हर वंडर्स आणि रात्री नाइट सफारी, एवढं पुरे. रिव्हर वंडर्सचा बराच भाग छताखाली आहे, पांडांचं दालन थंडगार ठेवलेलं असतं, मोठ्या काचेमागे पोहणाऱ्या मॅनेटी आहेत, त्यामुळे दुपारचा पाऊस अंगावर येत नाही. तिथल्या ॲमेझॉन बोटीला १०६ सेंटिमीटर उंची लागते आणि पाऊस आला की ती बंद होते, म्हणून आत शिरल्या शिरल्या आधी तीच घ्या.

नाइट सफारीचं दार सव्वासातला उघडतं, आणि तेव्हा आत आलेला प्रत्येक जण थेट ट्रामच्या रांगेत जातो. तुम्ही जाऊ नका. आधी पायवाटा घ्या. फिशिंग कॅट ट्रेल आणि लेपर्ड ट्रेल या दोन वाटांवर प्राणी ट्रामपेक्षा जवळून दिसतात, आणि संध्याकाळी नुकतंच खाणं दिलेलं असल्यामुळे हालचालही जास्त असते. नऊच्या आसपास ट्रामची रांग ओसरते. ट्रामचा फेरा ३५-४० मिनिटांचा. दिवे चांदण्याइतकेच मंद असतात, त्यामुळे डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं जातात. त्या वेळात कुणी मोबाइलचा स्क्रीन उघडला की अख्ख्या डब्याचे डोळे पुन्हा दिपतात. फ्लॅशला तर मनाईच आहे. ट्राममध्ये लहान मुलाला कडेच्या जागेवर बसवा, मधल्या जागेवरून त्याला फक्त मोठ्यांचे खांदे दिसतात. आपल्याकडचे एकशिंगी गेंडा, आशियाई सिंह, अस्वल इथे आहेत. दिवसा सुस्त पडलेले पाहिलेले हे प्राणी इथे चालताना दिसतात, आणि आमच्या मते पूर्ण सहलीत मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहणारी जागा हीच.

'क्रीचर्स ऑफ द नाइट' या कार्यक्रमाला तिकीट वेगळं नाही, पण आसन ऑनलाइन राखावं लागतं आणि ते आरक्षण कार्यक्रमाच्या दोन तास आधी उघडतं. रिव्हर वंडर्समध्ये असतानाच मोबाइलवर करून टाका.

परतताना शटल आणि शेवटची मेट्रो सांभाळा, नाहीतर टॅक्सी. इथे एक नियम माहीत हवा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खासगी गाडीत, म्हणजे ॲपवरून बोलावलेल्या गाडीतही, लहान मुलांची वेगळी सीट लागते. मीटरवाल्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे. ॲपवरची साधी गाडी मुलांना पाहून फेरी नाकारते ती यामुळे. रात्री साडेदहाला हे समजण्यापेक्षा सरळ टॅक्सीच्या रांगेत उभं राहावं.

दिवस तिसरा: मरीना बे

हा दिवस मुद्दाम ढिला ठेवायचा. काल रात्रीचं जागरण आहे आणि उद्या युनिव्हर्सल.

दुपारी तीनला बेफ्रंट स्टेशन. गार्डन्स बाय द बे २०१२ला उघडलं. मोकळ्या बागेला तिकीट नाही, फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट या दोन काचघरांना आहे. दोन्ही वातानुकूलित, म्हणजे पावसाच्या वेळेला उत्तम. दोनातलं एकच परवडत असेल तर क्लाउड फॉरेस्ट घ्या. आत ३५ मीटरचा धबधबा आहे, लिफ्टने डोंगराच्या माथ्यावर जाऊन हवेतल्या वाटांवरून वळसे घेत खाली यायचं. मुलांना फुलांच्या वाफ्यांपेक्षा हे जास्त भावतं.

दहा वर्षांखालची मुलं असतील तर बागेतलं चिल्ड्रन्स गार्डन चुकवू नका. पाण्याचे फवारे, झोके, झाडावरचं घर, आणि पैसे काहीच नाहीत. सोमवारी बंद असतं, बाकीचे दिवस संध्याकाळी सातला बंद होतं. पोहण्याचे कपडे आणि टॉवेल बरोबर ठेवा.

सुपरट्री म्हणजे २५ ते ५० मीटर उंचीची, वेलींनी मढवलेली पोलादी झाडं. त्यांचा प्रकाश-संगीताचा कार्यक्रम पावणेआठ आणि पावणेनऊला, फुकट. पावणेआठचा पाहा. साडेसातलाच मधल्या जागेत चटई पसरून आडवं व्हा, कारण उभं राहून मान वर केली की लहान मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. तिथून चालत मरीना बे सँड्सच्या पाण्याकडच्या बाजूला या, नऊ वाजता स्पेक्ट्रा हा कारंज्यांचा कार्यक्रम, पंधरा मिनिटांचा, तोही फुकट. वाऱ्याच्या दिशेला बसलात तर तुषार अंगावर येतात. याच दोन कार्यक्रमांसाठी टूरवाले जादा पैसे सांगत असतील तर नम्रपणे नाही म्हणा.

दिवस चौथा: युनिव्हर्सल स्टुडिओज

शक्यतो मंगळवार ते गुरुवार. तिकीट तारखेचं असतं, आधी ऑनलाइन काढायचं. मोठ्यांना ८० सिंगापूर डॉलरच्या वर पडतं. मुलाचं तिकीट ४ ते १२ वर्षांना, त्याखाली फुकट. मंडाईत मात्र मुलाचं तिकीट तिसऱ्या वर्षापासून लागतं. एकाच पोराला एकीकडे तिकीट आणि दुसरीकडे नाही असं होऊ शकतं. वयाच्या पुराव्याला पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे काही रात्री हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी दिवसाच्या पाहुण्यांसाठी उद्यान लवकर बंद होतं, म्हणजे त्याच पैशात तास कमी मिळतात. तारीख निवडताना उद्यानाच्या वेळापत्रकात त्या दिवसाची बंद व्हायची वेळ बघा.

हार्बरफ्रंट स्टेशनवर उतरून व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर जा, तिथून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल सुटते. जाताना माणशी ४ डॉलर, येताना काही नाही. रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनवर उतरायचं. दार साधारण दहाला उघडतं, तुम्ही सव्वानऊला तिथे हवेत. फिरत्या पृथ्वीगोलासमोरचा फोटो आत्ता काढू नका, तो दाराबाहेर आहे आणि संध्याकाळीही तिथेच असतो.

आत शिरल्यावर डावीकडे मिनियन लँड आहे, २०२५च्या फेब्रुवारीत उघडलेलं. नवं असल्याने गर्दी तिकडे वळते. तुम्ही उजवीकडे, न्यूयॉर्क विभागातून सरळ साय-फाय सिटी विभागात जा. इथून पुढे उंचीप्रमाणे दोन वाटा होतात.

मूल १२५ सेंटिमीटरच्या वर असेल तर आधी बॅटलस्टार गॅलॅक्टिका. एकमेकांना भिडल्यासारख्या धावणाऱ्या दोन गाड्या आहेत: लाल रुळावरच्या 'ह्यूमन'मध्ये नेहमीसारखं बसायचं, निळ्या 'सायलॉन'मध्ये पाय हवेत लोंबकळतात आणि गाडी उलटीपालटी होते. पहिल्यांदा बसणाऱ्याने लालपासून सुरुवात करावी. खिशात नाणं, मोबाइल, रुमाल काही चालत नाही, सगळं लॉकरमध्ये. लॉकर ठरावीक वेळच फुकट असतो, नंतर पैसे लागतात, म्हणून रांग लांब दिसली तर आधी रांगेचा अंदाज घ्या आणि मग लॉकर बंद करा. त्यानंतर ट्रान्सफॉर्मर्स, आणि पुढच्या इजिप्त विभागातली रिव्हेंज ऑफ द ममी. ममीला १२२ सेंटिमीटर लागतात, ती पूर्ण अंधारात चालते आणि मध्येच उलट दिशेने धावते. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला हे रांगेत लागण्याआधीच सांगा.

मूल १०२ ते १२२ च्या मध्ये असेल तर आधी ट्रान्सफॉर्मर्स (१०२ सेंटिमीटर, १२२ च्या खाली असल्यास मोठं माणूस बरोबर), आणि तिथून न थांबता लॉस्ट वर्ल्डमधली कॅनपी फ्लायर. तिला ९२ पुरतात. एका वेळी मोजकीच माणसं बसत असल्यामुळे तिची रांग लहान दिसली तरी मुंगीच्या चालीने सरकते. अकराच्या आत केली तर केली, नंतर तासभर जातो. फार फार अवेमधली एन्चांटेड एअरवेजही ९२ सेंटिमीटरची, पहिला रोलर कोस्टर म्हणून अगदी योग्य. तिच्याशेजारची पुस इन बूट्सची १०० सेंटिमीटरची राइड त्याहून सौम्य.

ज्युरासिक पार्क रॅपिड्स ही गोल तराफ्यातली पाण्याची राइड. १०७ सेंटिमीटर. तराफा प्रवाहात गोल फिरत राहतो, त्यामुळे कोरडी जागा म्हणून निवडलेली जागा शेवटच्या उतारावर नेमकी पाण्याकडे येते. सगळेच भिजणार असं धरून चला. ती जेवणाच्या लगेच आधी घ्या, रेनकोट घालून, आणि उतरल्यावर मुलांचे कपडे बदला. हे टाळलं तर ओल्या कपड्यांनी दुपारभर कडक एसीत बसावं लागतं. सहलीतलं आजारपण बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं, आणि दोष मात्र परक्या पाण्याला दिला जातो.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. इजिप्त विभागातल्या ओएसिस स्पाइस कॅफेत भारतीय जेवण मिळतं. साडेअकराला जेवून घ्या, साडेबारानंतर ट्रे घेऊन टेबल शोधत फिरावं लागतं.

दुपारी आभाळ भरून आलं की छताखालच्या राइड्स. ममी, ट्रान्सफॉर्मर्स, सेसमी स्ट्रीट पावसात चालू राहतात, पण तेव्हा सगळं उद्यानच तिकडे धावतं. पहिला गडगडाट कानावर आला की लगेच रांग धरा, पाऊस पडायची वाट पाहू नका. वॉटरवर्ल्डच्या कार्यक्रमाला वीस मिनिटं आधी जाऊन बसा. पुढच्या रांगा मुद्दाम भिजवण्यासाठी असतात, कलाकार बादल्यांनी पाणी टाकतात.

दोन सोयी आपल्या लोकांना ठाऊक नसतात. पहिली अशी: एक मूल लहान असेल तर आईवडिलांपैकी एकाने आधी जावं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबावं आणि मग पुन्हा रांग न लावता जागा बदलावी. त्यासाठी राइडच्या दारावरच्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्याआधी विचारायचं. दुसरी म्हणजे एकट्यांची रांग. सातवी-आठवीतली मुलं वेगवेगळी बसायला तयार असतील तर ट्रान्सफॉर्मर्सला बराच वेळ वाचतो. लांब रांग टाळणारा महागडा एक्सप्रेस पास मधल्या वारी आणि १२२ च्या खालच्या मुलांबरोबर घेऊ नये, कारण ज्या राइड्ससाठी तो कामाचा, त्यांतल्या निम्म्यांत तुमचं मूल बसणारच नाही. शनिवार टळत नसेल आणि मुलं मोठी असतील तर मात्र पैसे वसूल होतात.

दिवस पाचवा: बाकीचं सेंटोसा

सकाळी ल्यूज, दुपारी ओशनॅरियम, संध्याकाळी समुद्रकिनारा.

ल्यूज म्हणजे उतारावरून घसरत येणारी तीनचाकी. एकट्याने चालवायला वय ६ आणि उंची ११० सेंटिमीटर, त्याहून लहान मूल मोठ्यांच्या पुढ्यात. हँडल अंगाकडे ओढलं की वेग कमी होतो. मुलं घाबरली की उलट ते पुढे ढकलतात, म्हणून सपाटीवर शिकवतात तेव्हाच दोनदा ओढून दाखवायला लावा. वर परत न्यायला उघडी खुर्ची आहे, खाली पायांत काही नसतं, आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा. एक फेरी कुणालाच पुरत नाही, तिकीट दोन-तीन फेऱ्यांचंच काढा.

जुन्या मत्स्यालयाच्या जागी जुलै २०२५मध्ये सिंगापूर ओशनॅरियम उघडलं, आधीच्या तिप्पट मोठं. दीड-दोन तास हवेत. संध्याकाळी सिलोसो किनाऱ्यावर विंग्ज ऑफ टाइमचा कार्यक्रम, पावणेआठच्या आसपासचा पहिला खेळ धरा. बेटावरच्या बस फुकट आहेत. सेंटोसावरचा मोठा मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला पुतळा, आता नाही, २०१९ला तो बंद झाला. जुनी माहितीपत्रकं अजून त्याचा फोटो छापतात, त्यामुळे मुलं हट्ट धरतात.

दिवस सहावा: मर्लायन, खरेदी, परत

रॅफल्स प्लेस स्टेशनवरून चालत मर्लायन पार्क. ८.६ मीटरचा खरा पुतळा हा. नऊच्या आत गेलात तर फोटोत फक्त तुम्हीच असाल.

मग मुस्तफा सेंटर, फेरर पार्क स्टेशनजवळ. एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली तर ९ टक्के जीएसटीचा परतावा मागता येतो, हाताळणी शुल्क वजा होऊन. बिल करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो, नंतर सांगून उपयोग नाही. विमानतळावर परताव्याच्या यंत्रावर पासपोर्ट स्कॅन करायचा, आणि हे सामान चेक-इन करण्याआधी. कस्टमने वस्तू दाखवा म्हटलं आणि ती बॅग पट्ट्यावरून पुढे गेलेली असली तर परतावा गेला. चॉकलेटं, परफ्यूम, बॅटरीची खेळणी, परताव्यात दाखवलेलं सगळं एकाच बॅगेत वर ठेवा.

विमानाच्या चार तास आधी चांगीला पोहोचा, सामान देऊन ज्वेलमध्ये जा. टर्मिनल १ला ज्वेल थेट जोडलेलं आहे, २ आणि ३वरून पुलावरून चालत येता येतं. अंधार पडल्यावर धबधब्यावर रंगीत प्रकाशाचा खेळ असतो, संध्याकाळचं विमान असेल तर तोही पदरात पडतो.

मुंबईत घड्याळ अडीच तास मागे आल्यामुळे रात्री उतरणारं विमान सोयीचं वाटतं, पण त्यानंतर सांगलीपर्यंत रात्रभर गाडी चालवायची नसते. ड्रायव्हर दिवसभर मुंबईत थांबलेला असतो आणि बोरघाटानंतर त्याला डुलकी येते. रात्री उतरत असाल तर मुक्काम करा. दुपारी तीनच्या आत उतरत असाल तर रात्री आठनंतर सुटणाऱ्या महालक्ष्मीचं आरक्षण ठेवा. सुट्टीच्या शेवटी त्या गाडीची वेटिंग लिस्ट फार लांब जाते, म्हणून विमानाचं तिकीट काढाल त्याच आठवड्यात रेल्वेचं आरक्षण कधी उघडतं ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.